गिधाडं कशाने गेली, हे कळायला काय काय मोजावं लागलं? (बीएनएचएसच्या कामाबद्दल)

माळटिटवी

१५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) सुरू केली. त्या आठांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे दोन भारतीय डॉक्टर होते. संस्थेचं नियतकालिक १८८६ पासून निघतं आहे. सालीम अलींची पुस्तकं, हॉर्नबिल हाऊस, सस्तन प्राण्यांचं १९११ ते १९२३ चं सर्वेक्षण हे सगळं बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून त्यात शिरत नाही. हा धागा एकाच कामासाठी आहे: गिधाडं. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतलं संस्थेचं हे सर्वांत मोठं काम, आणि त्याची सुरुवात गिधाडांसाठी झालीच नव्हती.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात संस्थेने १९८० ते १९९० अशी दहा वर्षं पाणथळ जागेचा अभ्यास केला. पाण्याची पातळी, गवत, मासे, पक्षी, सगळ्याच्या नोंदी झाल्या. शिकारी पक्ष्यांच्या नोंदींत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटीही मोजली गेली. १९८७-८८ च्या हंगामात तिथे ३५३ जोड्या घरटी करून होत्या. तेव्हा या आकड्याकडे लक्ष जायचं काही कारण नव्हतं, कारण गिधाडं सगळीकडेच होती. संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश पुन्हा मोजायला गेले तेव्हा १९९६-९७ मध्ये दीडशेच्या आसपास जोड्या उरल्या होत्या, आणि १९९८-९९ मध्ये अवघ्या वीस. झाडांवर मेलेली गिधाडं लटकलेली, घरट्यात मेलेली. हा अहवाल १९९९ मध्ये संस्थेच्याच नियतकालिकात आला.

जुना आकडा नसता तर 'गिधाडं हल्ली कमी दिसतात' एवढंच म्हणता आलं असतं, आणि त्यावर कोणतंही सरकार गुरांचं वेदनाशामक औषध बंद करत नाही. गिधाडं मरत होती ती त्या औषधाने. पुढचं जाणकारांनी लिहावं.

सातभाई

भरतपूर हे एक उद्यान झालं. सगळ्या देशातली गिधाडं गेली हे कसं ठरवलं ते लिहितो, कारण खरी मेहनत त्यात आहे.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संस्थेने शिकारी पक्ष्यांसाठी देशभर रस्त्यांवरून मोजणी केली होती. गाडी ठरलेल्या रस्त्याने न्यायची, दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत दिसेल ते गिधाड मोजायचं, जात लिहायची, किलोमीटर लिहायचे. २००० मध्ये तेच रस्ते, तीच पद्धत. मग २००२, २००३, २००७, २०११, २०१५. रस्ता बदलला की तुलना संपली. मोजणाऱ्यांना मोह होतो की इथे आता काही दिसत नाही, पलीकडच्या घाटात दिसतात, तिकडे जाऊ. तसं केलं की घट झाकली जाते. शून्य आलं तरी त्या रस्त्यावर शून्यच लिहायचं.

या मोजण्यांतून निघालेली घट अशी: पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ मध्ये ९९.९ टक्के, म्हणजे हजारातलं एक उरलं. लांब चोचीचं आणि निमुळत्या चोचीचं मिळून सुमारे ९७ टक्के. शेवटच्या दोघांचा आकडा एकत्र का? कारण जुन्या नोंदींत ती एकच जात मानली होती, मागाहून वेगळं करता येत नाही. नोंद करताना ओळख जितकी बारीक, तितका तिचा पुढे उपयोग.

खंड्या

सातभाई, चांगली माहिती. प्रश्न: आधी विषाणूचा संशय होता ना? मग औषधापर्यंत गाडी कशी पोचली? आणि याचं श्रेय बीएनएचएसला द्यायचं की पाकिस्तानात काम करणाऱ्या अमेरिकी गटाला?

माणदेशी_पशुवैद्य

श्रेय वाटून द्यावं लागेल, आणि ते स्वच्छ लिहिलं पाहिजे.

गिधाडं मरण्याआधी कित्येक दिवस मान खाली टाकून बसत. साथीच्या रोगात असं दिसतं, म्हणून विषाणू शोधला जात होता. शवविच्छेदनात मात्र बहुतेकांच्या हृदयावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा थर सापडत होता. ते यूरिक आम्लाचे स्फटिक. पक्ष्याची मूत्रपिंडं बंद पडली की यूरिक आम्ल बाहेर जात नाही आणि अवयवांवर साचतं.

पाकिस्तानात लिंडसे ओक्स यांच्या गटाने विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशकं एकेक करून वगळली. मग प्रश्न उलटा विचारला: गिधाड फक्त मेलेली जनावरं खातं, तर त्या जनावरांना मरण्याआधी काय दिलं जातं? उत्तर आलं डायक्लोफेनॅक, गुरांना टोचतात ते वेदनाशामक. हा थर असलेल्या २५ पैकी २५ पक्ष्यांच्या मूत्रपिंडात ते सापडलं, थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. मग औषध दिलेल्या जनावराचं मांस खाऊ घालून तपासलं, तेच झालं. जानेवारी २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे कारण त्यांनी शोधलं. बीएनएचएसचा वाटा दोन्ही टोकांना आहे: घट आकड्यांत मांडणं त्याआधीचं, आणि भारतात साठवून ठेवलेल्या मेलेल्या गिधाडांच्या नमुन्यांत तेच औषध, तोच थर दाखवणं त्यानंतरचं. ते नमुने जपले नसते तर 'हे पाकिस्तानातलं, आपल्याकडचं कारण वेगळं' असं म्हणायला जागा राहिली असती.

मात्रेचा अंदाज यावा म्हणून: पक्ष्याच्या वजनाच्या किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम औषधाने पांढऱ्या पाठीची निम्मी गिधाडं मरतात. पक्षी साधारण पाच किलोचा धरला तर एक मिलिग्रॅमच्या आत काम होतं. गाईला एका इंजेक्शनमध्ये काहीशे मिलिग्रॅम जातात.

खंड्या

पण सगळ्याच गाईंना इंजेक्शन देत नाहीत. हजारात काही जनावरं औषध देऊन मेली असतील. तेवढ्याने ९९.९ टक्के?

सातभाई

हाच आक्षेप त्या वेळी औषधवाल्यांचाही होता. हिशेब करून बघा.

गिधाड दोन-तीन दिवसांनी एकदा पोट भरतं. वर्षाला सव्वाशे-दीडशे जेवणं झाली. दर १३० मेलेल्या जनावरांत एक जरी विषारी असलं, तरी सरासरीने वर्षात एकदा तरी त्या गिधाडाच्या वाट्याला ते येणार. शिवाय एका ढोरावर शे-पन्नास गिधाडं एकत्र तुटून पडतात, एक मेलेली म्हैस अख्खा थवा नेते. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं तेव्हा उत्तर आलं की ०.१ ते ०.८ टक्के मेलेल्या जनावरांत औषध असलं तरी दिसलेली घट पूर्णपणे समजावता येते. मग बीएनएचएसने वेगवेगळ्या राज्यांतून मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने घेतले. २००४-०५ मध्ये औषध दहा टक्क्यांहून जास्त नमुन्यांत निघालं.

दुसरी बाजू वाढीची. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. पिल्लू वयात यायला पाच वर्षांच्या आसपास लागतात. असा पक्षी टिकतो तो मोठी गिधाडं फार कमी मरतात म्हणून. प्रौढांचा वार्षिक मृत्यू पाच टक्क्यांच्या वर गेला की अंडी-पिल्लं कितीही वाचवा, संख्या खाली येते. म्हणून या पक्ष्याच्या बाबतीत घरट्याखाली जाळी लावणं, पडलेलं पिल्लू उचलणं चांगलं असलं तरी दुय्यम. आधी विष.

माळटिटवी

बंदीबद्दल कोणी सविस्तर लिहाल का? '२००६ मध्ये बंदी आली' एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं काम संपलं.

माणदेशी_पशुवैद्य

संपलं नाही, आणि का नाही ते एका बाटलीत आहे.

२००६ मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बनवायला बंदी आली. माणसांसाठीचं चालूच होतं, ते योग्यही होतं. पण माणसांचं डायक्लोफेनॅक ३० मिलिच्या बाटलीत मिळत होतं. माणसाला एका वेळी लागतं ३ मिलि, म्हणजे ७५ मिलिग्रॅम. ३० मिलिची बाटली माणसाला कशाला? ३०० किलोच्या गाईला किलोमागे १ मिलिग्रॅम धरलं तरी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १२ मिलि लागतात. एका बाटलीत दोन गाई. त्या बाटल्या गोठ्यात जात होत्या. २००७ ते २०१० मध्ये ११ राज्यांतल्या अडीचशेहून जास्त औषधदुकानांत जाऊन पाहणी झाली, तिथे गिऱ्हाईक बनून जनावरासाठी औषध मागायचं आणि काय देतात ते लिहायचं, अशी पद्धत होती. ३६ टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक मिळालं. यकृताच्या नमुन्यांतलं प्रमाण २००७-०८ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर आलं होतं. सुधारणा होती, पण वरच्या गणिताप्रमाणे ते अजूनही कितीतरी पट जास्त होतं.

म्हणून जुलै २०१५ चा निर्णय मला २००६ पेक्षा महत्त्वाचा वाटतो: माणसांचं इंजेक्शन ३ मिलिच्या एकमात्रा कुपीतच विकायचं. आता गाईला द्यायचं तर चार कुप्या फोडाव्या लागतात. महाग आणि कटकटीचं. कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या, २०१७ मध्ये न्यायालयाने निर्णय कायम ठेवला.

त्याच्या पुढची अडचण म्हणजे भावंडं औषधं. ॲसिक्लोफेनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. केटोप्रोफेनही गिधाडांना मारतं. दोन्हींवर जनावरांसाठी बंदी आली ती जुलै २०२३ मध्ये, निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ अखेरीस. एकेक औषध बाजारात आल्यावर तपासायचं आणि मग बंद करायचं, यात दरवेळी पाच-दहा वर्षं जातात. जनावरांच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांवरची चाचणी परवान्याच्या आधीच सक्तीची हवी.

वाळूतली_पाणटिवळा

आमच्याकडे दूध संघाचे डॉक्टर मेलॉक्सिकॅम सुचवतात, पण गोपालक म्हणतात 'त्याने गुण येत नाही'. यात तथ्य आहे का?

माणदेशी_पशुवैद्य

औषधात तथ्य नाही, मात्रेत आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचं २००६ मध्येच सिद्ध झालं आहे. गाईची मात्रा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. ३०० किलोला १५० मिलिग्रॅम. साधी बाटली मिलिमागे ५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे ३० मिलि टोचायला हवं. डायक्लोफेनॅकच्या १२ मिलिची सवय असलेला हात १०-१५ मिलिवर थांबतो. अर्धी मात्रा गेली की जनावर लंगडतंच, ताप उतरत नाही, आणि दोष औषधावर जातो. डॉक्टरांना बाटलीवरची तीव्रता वाचून, वजनाचा अंदाज घेऊन हिशेब करायला सांगा. एकाच जागी ३० मिलि न देता दोन-तीन ठिकाणी विभागून देतात. टोल्फेनॅमिक आम्ल हाही गिधाडांना सुरक्षित ठरलेला पर्याय आहे.

गावातलं ढोर मेल्यावर उघड्यावर टाकायचं असेल, तर शेवटच्या दिवसांत कोणतं इंजेक्शन झालं ते आधी विचारा. बंदी असलेल्यांपैकी काही असेल किंवा नाव सांगता येत नसेल, तर खोल पुरा. नाशिक, रायगड, गडचिरोलीकडे गिधाडांची उपाहारगृहं (मेलेली ढोरं गिधाडांना खायला ठेवायच्या जागा) चालतात, तिथे ही चौकशी हा कामाचा गाभा आहे. ती न करता ढोर आणून टाकलं तर आपणच थव्याला एका जागी बोलावून विष वाढतो.

पट्टकादंब

प्रजनन केंद्रांबद्दल मी लिहितो.

हरियाणात पिंजोरला २००१ मध्ये वनखात्याबरोबर आजारी गिधाडांसाठी केंद्र सुरू झालं, २००४ पासून तिथे प्रजनन सुरू झालं. पुढे पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि भोपाळ. प्रत्येक जातीच्या किमान २५ जोड्या जमवणं हे उद्दिष्ट होतं. मूळ पक्षी फार थोडे असतील तर पुढच्या पिढ्या एकमेकांच्या नात्यातल्या होतात.

गिधाड हा कळपाचा पक्षी आहे. जोडी-जोडी वेगळ्या पिंजऱ्यात ठेवून भागत नाही, म्हणून १०० फूट लांब, ४० फूट रुंद, २० फूट उंच असे मोठे सामाईक पिंजरे बांधले. आत घरट्यांसाठी कड्यांसारखे कट्टे आणि बसायला आडव्या फांद्या. घरटं बांधायला काटक्या आणि पाला रोज टाकावा लागतो, तो संपला की जोड्या एकमेकांच्या घरट्यातलं चोरतात आणि अंडी फुटतात.

खाण्यासाठी बकरे. विकत आणलेला बकरा लगेच कापत नाहीत. आठ-दहा दिवस वेगळा बांधून ठेवतात, म्हणजे आधी कोणी टोचलेलं औषध असेल तर ते अंगातून निघून जातं. केंद्राच्या आत एक विषारी बकरा गेला तर जातीचा सगळा साठाच जाईल, म्हणून इथे सवलत नाही.

संख्या वाढवण्याची युक्ती अशी की हंगामात लवकर घातलेलं पहिलं अंडं उचलून उबवण यंत्रात ठेवायचं. काही जोड्या तीन-चार आठवड्यांनी दुसरं अंडं घालतात, ते त्यांच्याकडेच राहू द्यायचं. अंडं उबायला सुमारे ५५ दिवस लागतात, पिल्लू उडायला चार महिन्यांच्या आसपास. एका वर्षात एकाऐवजी दोन पिल्लं. पण सगळ्या जोड्या दुसरं अंडं घालत नाहीत, आणि यंत्रातली दमटपणाची पातळी चुकली तर आतला जीव चिकटून मरतो. म्हणून नव्या, पहिल्यांदाच अंडं घालणाऱ्या जोडीचं अंडं सहसा काढत नाहीत, तिला वाढवायला शिकू देतात.

खंड्या

आणि सोडण्याचं काय? ताडोब्यात आणली होती ना?

पट्टकादंब

हो. पिंजोरहून जानेवारी २०२४ मध्ये वीस गिधाडं महाराष्ट्रात आणली: दहा पांढऱ्या पाठीची ताडोब्यात, दहा लांब चोचीची पेंचमध्ये. काही महिने तिथल्याच पिंजऱ्यात ठेवून, आसपासची हवा आणि आवाज ओळखीचे झाल्यावर ऑगस्टमध्ये पाठीवर जीपीएस बसवून सोडली. त्यांतल्या एकाने तमिळनाडूपर्यंत मजल मारली. काही दगावली, हेही सांगितलं पाहिजे.

सोडण्याआधीची अट म्हणजे सोडण्याच्या जागेभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचा सुरक्षित पट्टा. म्हणजे तीस हजार चौरस किलोमीटरहून जास्त मुलूख, कित्येक तालुके. तेवढ्या भागात दुकानांची पाहणी, पशुवैद्यांच्या बैठका, मेलेल्या गुरांचे नमुने. कागदावर नकाशा काढणं सोपं, पण तमिळनाडूपर्यंत जाणाऱ्या पक्ष्याला १०० किलोमीटर म्हणजे काहीच नाही. दुसरा धोका विजेच्या तारांचा. आडव्या लोखंडी पट्टीवर बसलेलं गिधाड पंख पसरताना दोन तारांना एकाच वेळी टेकतं. पक्ष्याचा पंखविस्तार सहा-सात फूट, त्यामुळे लहान पक्ष्याला सुरक्षित असलेलं अंतर याला पुरत नाही. पिंजऱ्याच्या परिसरातल्या खांबांवर तारांना आवरण बसवणं सोडण्याच्या आधी व्हायला हवं.

माळटिटवी

एक जोड देते. गिधाडं गेल्याचा परिणाम माणसावर किती, याचा २०२४ मध्ये अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला. जिथे आधी गिधाडं भरपूर होती त्या जिल्ह्यांची जिथे मुळातच कमी होती त्यांच्याशी तुलना केली, तर २००० ते २००५ मध्ये सुमारे पाच लाख जादा मृत्यू निघतात. कारणं सडणारी ढोरं, घाण झालेलं पाणी आणि वाढलेली कुत्री. मुंबईच्या डूंगरवाडीवर पारशी समाजाला दोखम्यात (मृतदेह गिधाडांसाठी ठेवायच्या गोल बांधकामात) सूर्यकिरण एकवटणाऱ्या आरशांची सोय करावी लागली, तीही यामुळेच.

सातभाई

भरतपूरच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते, कारण ती संस्थेच्या स्वतःच्या अपेक्षेविरुद्ध गेली आणि तरी छापली गेली. १९८२ मध्ये उद्यानात म्हशी चारायला बंदी झाली. सगळ्यांना वाटलं पक्ष्यांना बरं होईल. दहा वर्षांच्या नोंदी उलट बोलल्या. म्हशी पास्पालम नावाचं पाणगवत खात होत्या. त्या थांबल्यावर गवताने उथळ पाणी झाकून टाकलं, मोकळ्या पाण्यात उतरणाऱ्या आणि तळातले कंद खाणाऱ्या पक्ष्यांची जागा गेली, मासेही घटले. चराई पाणथळ जागेला मदत करत होती, असा निष्कर्ष आला. नंतर गावकऱ्यांना गवत कापून न्यायची मुभा मिळाली. आपल्याकडे पाणथळ जागा वाचवायची म्हटली की पहिलं कुंपण घालतात, त्यांनी हे वाचावं.

वाळूतली_पाणटिवळा

आपल्याला यात भाग घ्यायचा तर? दरवर्षीच्या पाणपक्षी गणनेत नवीन माणूस चालतो का?

सातभाई

चालतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून जानेवारीत होते, भारतात बीएनएचएस तिच्यात आहे. एकच तळं घ्या आणि दरवर्षी तेच घ्या. सूर्योदयानंतर सुरुवात, ऊन पाठीमागे येईल अशी जागा. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजा, ते दहा किती जागा व्यापतात ते डोळ्यात बसवा, मग दहा-दहाच्या किंवा शंभराच्या ठोकळ्यांनी पुढे सरका. उलट दिशेनेही मोजा. दोन आकड्यांत फार फरक असेल तर तिसऱ्यांदा मोजा. ओळख पटली नाही तर 'अनोळखी बदक, ४०' असं लिहा, अंदाजाने जात टाकू नका. ठाण्याच्या खाडीत रोहित (फ्लेमिंगो) मोजायचे असतील तर भरती-ओहोटीची वेळ आधी पाहा: ओहोटीला ते चिखलभर पांगतात, भरतीला ठराविक जागी गोळा होतात. दोन गटांनी वेगवेगळ्या वेळी मोजलं तर तेच पक्षी दोनदा येतात.

पट्टकादंब

आणि पायात ओळखीचं वाळं (रिंग) असलेला पक्षी दिसला किंवा मेलेला सापडला तर. पक्ष्यांना वाळी घालायचं संस्थेचं हे काम १९२७ पासूनचं, मोठं रूप आलं १९५९ नंतर. धातूच्या वाळ्यावर मुंबईच्या संस्थेला कळवा असं इंग्रजीत कोरलेलं असतं, सोबत अक्षर आणि क्रमांक. अक्षरही लिहा, ते वाळ्याचं माप सांगतं आणि त्याशिवाय क्रमांक निरुपयोगी. पक्षी जिवंत असेल तर वाळं काढू नका, फोटो घ्या. रंगीत प्लॅस्टिकची पट्टी असेल तर रंग, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, आणि वरून खाली वाचलेली अक्षरं. मेलेला असेल तर वाळं सरळ करून कागदावर पेन्सिलीने घासून ठसा घ्या, झिजलेला आकडाही उठतो. तारीख, गाव, जवळचं पाणी, मृत्यूचं दिसलेलं कारण. तारेखाली सापडला असेल तर खांबाचा क्रमांकही.